सुटलो म्हणण्याची सोय

निवृत्तीच्या निरोप समारंभाची भाषा ठरलेली असते. शाल, श्रीफळ, एखादं घड्याळ (उद्यापासून ज्याला घड्याळाकडे बघण्याचं कारण उरणार नाही त्याला नेमकं घड्याळच का देतात, हे कोडं मला अजून उलगडलेलं नाही) आणि मग भाषणं. हल्ली निमंत्रणपत्रिकेवर ‘सेवानिवृत्ती’ हा शब्दही मागे पडलाय. ‘सेवापूर्ती सोहळा’ असं छापतात, जणू सोळा सोमवारांचं उद्यापन आहे. उत्सवमूर्ती उठते, ही संस्था म्हणजे माझं दुसरं घर होतं असं सांगते, इथल्या आठवणींची शिदोरी जन्मभर पुरेल म्हणते. टाळ्या पडतात, समोसे-वेफर्स होतात. मग जिना उतरताना जवळच्या माणसाला हळूच जे सांगितलं जातं ते एकाच शब्दाचं असतं: ‘सुटलो.’ माइकवरचं खरं की जिन्यातलं? दोन्ही खरं असू शकतं. पण माइकवरच्या भाषणाला हार आणि फोटो मिळतात, जिन्यातल्या शब्दाची बाजू मांडायला कोणी उभं राहत नाही. मी तीन दशकांहून जास्त काळ राष्ट्रीयीकृत बँकेत नोकरी केली. पगार वेळेवर झाला, छळ कोणी केला नाही, सहकारी बहुतेक भले होते. तरीही नोकरी मला आवडली नाही, आणि निवृत्तीत मी सुखी आहे. ही दोन वाक्यं एका दमात म्हटली की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते: माणूस कामचुकार असणार, नाहीतर कृतघ्न. माझं म्हणणं असं की निवृत्तीतलं सुख ही त्या माणसाच्या नोकरीबद्दलची साक्ष असते, आणि ती नीट ऐकली तर तिच्यात कामाची तक्रार फार थोडी निघते. तक्रार असते ती आपला वेळ आपला नसण्याची.

‘आवडलं नाही’ म्हणजे नेमकं काय, ते आधी सांगायला हवं, कारण घोटाळा तिथेच होतो. बँकेतलं काम म्हणून जे काम असतं ते वाईट नव्हतं. संगणक येण्याआधी सेव्हिंग्जची जाडजूड लेजरं असत. व्हाउचरवरून पोस्टिंग करायचं, दुसऱ्याने ते तपासायचं, मग सगळ्या खात्यांच्या शिलकांची बेरीज काढून ती जनरल लेजरशी जुळवायची. सहामाहीला व्याज लावायचं. महिन्याच्या 10 तारखेपासून अखेरपर्यंत खात्यात जी कमीत कमी शिल्लक राहिली असेल तिच्यावर व्याज, असा नियम होता; 1 एप्रिल 2010पासून तो बदलून रोजच्या शिलकेवर व्याज सुरू झालं. म्हणजे प्रत्येक खात्याच्या सहा महिन्यांच्या सहा किमान शिलका डोळ्यांनी शोधायच्या, त्यांची बेरीज करायची, आणि हे शेकडो पानांवर. खर्डेघाशी म्हणतात ती हीच. पण बॅलन्सिंगमध्ये फरक निघाला आणि तो नऊने नि:शेष भागला गेला, की कोणीतरी 54च्या जागी 45 लिहिलेत अशी शंका घ्यायची, आणि मग ती चूक हुडकून काढायची, यात कोडं सुटल्याचा आनंद असे. तो खोटा नव्हता. पुढे कोअर बँकिंग आलं, लेजरं गेली, टॅली यंत्र लावू लागलं आणि माणसांच्या वाट्याला टार्गेटं आली: इतक्या विमा पॉलिसी विका, इतकी खाती उघडा, थकबाकीदारांच्या याद्या घेऊन फोन करा. कोड्याचा आनंद गेला आणि कंटाळा मात्र जागेवर राहिला. नोटाबंदीच्या नोव्हेंबर 2016 मधले ते आठवडे सोडले, तर एरवी बँकवाल्याची कोणाला दया आल्याचं मी पाहिलेलं नाही, आणि यावी असं माझं म्हणणंही नाही.

तेव्हा काम सोसण्यासारखं होतं. सोसायला जड गेली ती परवानगी. पन्नाशी उलटलेल्या, रोज इतरांचे लाखोंचे कर्जअर्ज मंजूर किंवा नामंजूर करणाऱ्या अधिकाऱ्याने, भाचीच्या लग्नाला कोल्हापूरला जायचं तर मुख्यालय सोडण्याची परवानगी लेखी मागायची; ताप आला तर तो सांगून पटवायचा; किरकोळ रजा वर्षाला 12, त्या कधी घ्यायच्या हे साहेबाच्या कपाळावरच्या रेषा बघून ठरवायचं. मस्टरवर आपल्या नावासमोर लाल शेरा पडू नये म्हणून साठीला आलेली माणसं जिन्यावरून धावतात, हे दृश्य विनोदी वाटायचं थांबलं की ते काय आहे ते दिसतं. आणि ऑफिस काही ऑफिसात संपत नाही. डोंबिवली, कल्याण, वसई-विरार इथून फोर्टात येणाऱ्याचे जाण्यायेण्याचे दिवसाला तीन तास धरा. वर्षाचे 280 दिवस आणि 33 वर्षं म्हणजे 27,720 तास. याला 24 ने भागलं की 1,155 दिवस येतात, म्हणजे तीन वर्षं आणि वर दोन महिने, रात्रंदिवस, दांड्याला लटकून. ज्या शनिवारी सुट्टी नसे त्याचा निदान अर्धा दिवस जाई (दुसरा आणि चौथा शनिवार बँकांना सप्टेंबर 2015 पासून मिळाला). उरला रविवार. त्याची संध्याकाळ तर मोजूच नका. पाचच्या सुमाराला उन्हं उतरू लागली की पोटात जो खड्डा पडतो तो नोकरी करणाऱ्या पुष्कळांच्या परिचयाचा आहे. नावडत्या नोकरीचा खरा हिशेब मला कधी सोमवारात सापडला नाही, तो रविवारच्या संध्याकाळी सापडतो: सुट्टीचा दिवससुद्धा जी गोष्ट खाते तिला नुसतं ‘काम’ म्हणून कसं चालेल? याची एक अधिकृत नोंदही आहे, फक्त तिच्याकडे त्या नजरेने कोणी बघत नाही. हक्काची रजा साठत जाते, आणि निवृत्त होताना ती विकत घेतली जाते; बँकांत वर्षानुवर्षं ही मर्यादा 240 दिवसांची होती. म्हणजे घेता न आलेले, मागायला धजावलो नाही ते, किंवा ‘क्लोजिंग आहे’ म्हणून परत आलेले आठ महिने शेवटच्या दिवशी आपल्याला रोखीत मिळतात. पैसे उपयोगी पडतात. मुलाच्या बालपणातले दिवस त्या रकमेत परत येत नाहीत, एवढंच.

ही तक्रार आजची नाही आणि फक्त आपलीही नाही. लंडनच्या लेडनहॉल स्ट्रीटवर ईस्ट इंडिया कंपनीचं मुख्यालय होतं. तिथल्या हिशेब खात्यात चार्ल्स लॅम हा निबंधकार 1792 ते 1825 अशी 33 वर्षं कारकून होता. इकडे कंपनी पेशवाई बुडवत होती तेव्हा तिकडे हा गृहस्थ तिच्या चहा-निळीचे हिशेब लिहीत बसला होता. निवृत्त झाला त्याच वर्षी त्याने ‘द सुपरॅन्युएटेड मॅन’ हा निबंध लिहिला. वेळेच्या बाबतीत जन्मभर दरिद्री राहिलेल्या माणसाच्या हातात अचानक घबाड आलं की तो आधी भांबावतो, आज वार कोणता हेही त्याला कळेनासं होतं, आणि मग हळूहळू तो त्या श्रीमंतीला सरावतो, असं साधारण त्या निबंधाचं सूत्र आहे. फडके-खांडेकरांच्या पिढीने लघुनिबंध मराठीत रुजवला तेव्हा ज्या इंग्रजी निबंधकारांकडे आदराने पाहिलं गेलं त्यांत लॅम होता. आपण त्याची खेळकर शैली घेतली, त्याची कारकुनी मात्र घेतली नाही. कंपनीने त्याला वर्षाला 441 पौंड पेन्शन दिली. 33 वर्षांच्या नोकरीला पूर्ण पेन्शन हा हिशेब आपल्या बँकांच्या 1995 च्या पेन्शन नियमांतही आहे. योगायोगच असेल. प्रामाणिकपणे हेही सांगायला हवं की लॅमची पुढची वर्षं फार सुखाची गेली नाहीत. बहिणीच्या मानसिक आजाराने त्याला शेवटपर्यंत पोळलं. पण ते दु:ख घरातलं होतं. ऑफिस सुटल्याचा त्याच्याशी संबंध जोडता येत नाही.

एका निबंधकाराची साक्ष कोणी पुरावा मानणार नाही, म्हणून जरा कोरड्या गोष्टींकडे येतो. ब्रिटनमध्ये 1967 पासून सुमारे 18,000 सरकारी नोकरांचा, सगळ्या पुरुषांचा, दीर्घकाळ अभ्यास झाला. व्हाइटहॉल अभ्यास म्हणून तो ओळखला जातो आणि मायकेल मार्मट या डॉक्टरांचं नाव त्याच्याशी जोडलेलं आहे. सगळे कार्यालयात बसणारे, कोणी खाणीत उतरणारा नाही, कोणी उपाशी नाही. तरीही सगळ्यात खालच्या श्रेणीतल्या माणसांचं मृत्यूचं प्रमाण सगळ्यात वरच्यांच्या जवळपास तिप्पट निघालं. सिगारेट, रक्तदाब वगैरे गोष्टींनी या तफावतीचा थोडाच भाग समजत होता. 1985 नंतरच्या दुसऱ्या फेरीत स्त्रियाही आल्या, आणि तिथे एक गोष्ट पुढे आली: आपलं काम कसं आणि केव्हा करायचं यावर ज्यांचा ताबा कमी, त्यांच्यात हृदयविकार जास्त. कामाचा बोजा किती यापेक्षा दोरी कोणाच्या हातात, हा प्रश्न शरीरालाही कळतो. दुसरा अभ्यास फ्रान्समधला, तिथल्या सरकारी वीज आणि गॅस कंपनीच्या कर्मचाऱ्यांचा. त्यातल्या 14,000 हून अधिक जणांना निवृत्तीच्या आधी आणि नंतरही दर वर्षी स्वत:च्या प्रकृतीबद्दल विचारलं गेलं. ‘माझी तब्येत बरी नाही’ म्हणणाऱ्यांचं प्रमाण निवृत्तीच्या आदल्या वर्षी 19 टक्क्यांच्या आसपास होतं, निवृत्तीनंतरच्या वर्षाअखेर ते 14 टक्क्यांच्या आसपास उतरलं. माणूस एका वर्षाने म्हातारा झाला आणि त्याला बरं वाटू लागलं. मला यातला पुढचा तपशील जास्त महत्त्वाचा वाटतो. ज्यांच्या कामाची परिस्थिती वाईट होती त्यांच्यात ही सुधारणा सगळ्यात ठळक, आणि ज्यांना नोकरीत सगळं मनासारखं होतं त्यांच्यात ती जवळजवळ नाहीच. निवृत्ती हे काही रामबाण औषध नाही, हे यातून स्पष्ट होतं. ज्याचा जोडा चावत होता त्यालाच तो काढल्यावर हायसं वाटतं. तेव्हा निवृत्त माणूस खुलला की लोक जे म्हणतात, ‘बघा, याला कामच नको होतं’, ते उलट्या बाजूने वाचायला हवं.

आपल्याकडचा पुरावा द्यायचा तर सरकारी बँकांच्या 2000-01 मधल्या स्वेच्छानिवृत्ती योजनेचं उदाहरण ओठांवर येतं. 15 वर्षं नोकरी किंवा वय 40 एवढी अट होती, आणि एक लाखाच्या घरात माणसं बाहेर पडली. बीएसएनएलमध्ये जानेवारी 2020 अखेर एका दिवसात 78,000 हून अधिक कर्मचारी घरी गेले. दार उघडलं की माणसं निघून जातात, असं म्हणण्याचा मोह होतो; पण मी तो आवरतो. बँकांतल्या अनेकांना संगणकाची आणि बदल्यांची धास्ती होती, एकरकमी पैशांनी मुलीचं लग्न किंवा घराचं कर्ज निपटणार होतं. बीएसएनएलचे पगारच लांबत होते. बुडत्या जहाजावरून उडी मारणाऱ्याला पोहण्याची आवड होती असं कोणी म्हणू नये.

आता आक्षेप. पहिला रोकडा असतो: एवढी नावडती होती तर सोडली का नाहीस? यात असं गृहीत धरलेलं असतं की जो थांबला त्याला ती आवडतच होती. नोकरीत माणसाला बांधणारी गोष्ट आवडच असते असं नाही. स्टाफला सवलतीच्या व्याजाने मिळणारं घरकर्ज नोकरी सोडली की सवलतीचं राहत नाही. पेन्शनला सेवेची वर्षं भरावी लागतात. आणि तिशीपस्तिशीनंतर बँकेतल्या माणसाला बाहेर विचारतो कोण? शिवाय सोडणं हा एकट्याचा निर्णय नसतो. आईवडिलांची औषधं आणि मुलांच्या फिया यांना आपल्या आवडीनिवडीशी कर्तव्य नसतं. थांबण्याला मी त्यागबिग म्हणणार नाही, तो व्यवहार होता, आणि खोटाही नव्हता. याच आक्षेपाचं जरा टोकदार रूप म्हणजे, नावडत्या नोकरीत माणूस पाट्याच टाकणार. काही टाकतात. पण हे आवड असणारेही करतात, आणि नावडत्या कामात चूक होऊ नये म्हणून जास्त डोळ्यांत तेल घालणारी माणसं प्रत्येक शाखेत असतात. कॅशियरची संध्याकाळची कॅश जुळते ती त्याला नोटा मोजायला आवडतं म्हणून नव्हे. आवड आणि इमान या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. त्यांची गल्लत व्यवस्थापनशास्त्राच्या पुस्तकांनी केली, आपल्या आजोबांनी केली नव्हती. ‘उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ नोकरी’ म्हणणाऱ्या समाजाला नोकरी कनिष्ठ आहे हे ठाऊक होतं, आणि तरी ती चोख करायची असते हेही ठाऊक होतं.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे, कारण त्यात तथ्य आहे. पुण्यात सदाशिव पेठेतल्या अभ्यासिकांमध्ये हजारो मुलं-मुली खेड्यातून येऊन कॉटबेसिसवर राहतात, वर्षामागून वर्षं एमपीएससीचा नाहीतर बँकांच्या परीक्षांचा अभ्यास करतात. ज्या खुर्चीसाठी ती जीव टाकतात तिच्यावर आयुष्य काढून वर ती आवडली नाही म्हणणं हा माज नाही का? तसं वाटू शकतं, आणि त्यांच्यासमोर हे वाक्य मी उच्चारणार नाही. पण ती मुलं नेमकं काय मागतायत ते पाहा. त्याच परीक्षेतून कोणी महसुलात जातो, कोणी जीएसटी विभागात, कोणी सहकार खात्यात. एकाच फॉर्मवर पसंतीक्रम भरला जातो. म्हणजे अमुक कामाची ओढ तिथे सहसा नसते, ओढ असते ती महिन्याच्या एक तारखेची. ती ओढ अत्यंत रास्त आहे. शेतमालाच्या भावाचा भरवसा नसलेल्या घरातून आलेल्या मुलाला पगाराचा भरवसा हे केवढं मोठं स्वातंत्र्य वाटेल, हे मला न कळण्याएवढं मी शहरी नाही. फक्त त्या भरवशाबद्दलची कृतज्ञता एक आणि ज्या कामाच्या बदल्यात तो मिळाला त्याचं प्रेम दुसरं. पहिली माझ्यापाशी भरपूर आहे. दुसरं नसताना ते असल्याचं सोंग करावं, अशी अट नेमणूकपत्रात नव्हती.

तिसरा आक्षेप मराठी माणूस नाटकाच्या आधारे घेतो. निवृत्तीनंतर काय होतं ते आम्ही ‘नटसम्राट’मध्ये पाहिलंय, ‘संध्याछाया’त पाहिलंय! खरंच, 1970 पासून आजवर आपल्या रंगभूमीने निवृत्त माणसाला बहुतेक वेळा रडवलंय. पण नीट बघितलं तर ‘नटसम्राट’मधले गणपतराव बेलवलकर निवृत्त झाल्यामुळे रस्त्यावर येत नाहीत, होतं नव्हतं ते मुलांच्या नावे करून टाकल्यामुळे येतात. आणि त्यांचं काम त्यांच्या रक्तात भिनलेलं होतं. ते सेव्हिंग्जचं लेजर लिहीत नव्हते. दळवींच्या ‘संध्याछाया’तलं म्हाताऱ्या जोडप्याचं एकटेपण मुलं दूर गेल्याचं आहे. नाटकापेक्षा वजनदार पुरावा ऑस्ट्रियातल्या मारिएनथाल गावाचा. 1930 च्या सुमाराला तिथली गिरणी बंद पडली आणि जवळजवळ अख्खं गाव बेकार झालं. संशोधक मारी याहोडा आणि तिच्या सहकाऱ्यांनी तिथे जाऊन जे पाहिलं ते 1933 मध्ये पुस्तकरूपाने आलं. हातात दिवसभर वेळ, तरी वाचनालयातून पुस्तकं नेण्याचं प्रमाण वाढण्याऐवजी घटलं. पुरुष रस्त्याने सावकाश चालू लागले, मधेच थांबू लागले. दिवसभर काय केलं हे त्यांना सांगता येईना. याहोडाने पुढे मांडलं की पगाराखेरीज नोकरी दिवसाला आकार देते, माणसांत ठेवते, ओळख देते. ती गेली की माणूस विस्कटतो. हे खोडून काढता येणार नाही. आपल्या गिरणगावात 1982 च्या संपानंतर जे झालं ते ज्यांनी जवळून पाहिलं त्यांना मारिएनथाल परकं वाटणार नाही. पण बेकार आणि निवृत्त यांच्यात वेळ सारखाच असला तरी दोन गोष्टी वेगळ्या असतात: उद्याची भाकरी आणि लोकांची नजर. यातला दुसरा धागा जर्मनीतल्या एका पाहणीने सुंदर उलगडलाय. दीर्घकाळ बेकार असलेली माणसं निवृत्तीच्या वयाची झाली आणि कागदोपत्री ‘बेकार’ची ‘निवृत्त’ झाली की त्यांचं समाधान ठळकपणे वाढतं. दिनक्रमात तसूभर फरक नाही. बदलतो तो कपाळावरचा शिक्का. काल जे रिकामपण लाजिरवाणं होतं ते आज हक्काचं झालं. लवकर निवृत्त होणाऱ्यांची स्मरणशक्ती आधी मंदावते, असं दाखवणारे अभ्यासही आहेत, आणि ते मी हसण्यावारी नेत नाही. मेंदूला काहीतरी चघळायला लागतं, हे कबूल. ते साहेबानेच पुरवायला हवं, हे मात्र त्यातून निघत नाही.

आणि चघळायला काय कमी आहे? कोणत्याही गृहनिर्माण सोसायटीचे हिशेब कोण लिहितं ते पाहा. बहुधा एखादा निवृत्त बँकवाला नाहीतर एलआयसीवाला असतो, फुकट लिहितो, आणि ऑडिटरने हाताच्या बोटांवर मोजण्याइतके शेरे मारले तरी मनाला लावून घेतो. तीच व्हाउचरं, तीच टॅली, सिंकिंग फंडाच्या व्याजात बावीस रुपयांचा फरक निघाला म्हणून तोच रात्री अकरापर्यंतचा शोध. ज्या कामाने त्याला तीस वर्षं जांभया आणल्या ते काम तो पासष्टीत आनंदाने करतो. ज्येष्ठ नागरिक संघ, वाचनालयं, भजनी मंडळं, रुग्णालयातल्या मदत खिडक्या, सगळीकडे हेच. काम तेच आणि माणूसही तोच असेल तर वेगळं काय आहे? नको तेव्हा तो उठू शकतो. माझ्या सगळ्या युक्तिवादाचा खिळा मी इथे ठोकेन. सोसायटीचा सेक्रेटरी वैतागला तर राजीनामा देतो (आणि लोक समजूत घालायला येतात, तेव्हा मागे घेतो). हे राजीनामा देता येणं त्या कामाच्या आत मुरलेलं असतं, म्हणून ते काम हलकं होतं. निवृत्त माणूस सकाळी जुन्या सवयीने साडेपाचलाच उठतो. उठवत कोणी नाही, हे कळल्यावर पुन्हा डोळा लागला नाही तरी चालतं.

या चित्रात एक जण कमी आहे, आणि ती म्हणजे त्या निवृत्त गृहस्थाची बायको. तिने नोकरी केली नसेल तर तिच्या सेवेची पूर्ती कोणत्याच तारखेला होत नाही. केली असेल तर दोन नोकऱ्यांपैकी एकच सुटते. 2019 च्या देशव्यापी वेळ-वापर पाहणीत घरकाम करणाऱ्या स्त्रियांचा दिवसातला त्या कामाचा वेळ सरासरी 299 मिनिटं निघाला, पुरुषांचा 97. साठीनंतर पुरुषाचा आठ-दहा तासांचा बोजा उतरतो आणि तो घरात येऊन बसतो. मग बाईच्या बोज्यात दुपारचा एक चहा, एक गरम पोळी आणि ‘माझा चष्मा कुठाय’ यांची भर पडते. नवरा रिटायर झाल्यापासून पायात पायात येतो, ही तक्रार विनोदी सदरात ढकलून आपण मोकळे होतो. पण माझंच तर्कशास्त्र इथे लावलं, आणि लावलंच पाहिजे, तर निष्कर्ष पुरुषांना अडचणीचा आहे. वेळेची मालकी हे निवृत्तीतलं सुख असेल, तर ते त्या घरात निम्म्यालाच मिळालेलं आहे, आणि उरलेल्या निम्म्याच्या वेळेतून त्याचा काही हप्ता जातोय. स्वयंपाकघरात रुजू व्हायला मस्टर लागत नाही, हे निवृत्तांना सांगणारं भाषण मी अजून कुठल्या सोहळ्यात ऐकलेलं नाही.

आणि शेवटी पैसा, ज्याच्याशिवाय वरचं एकही वाक्य उभं राहत नाही. वेळ आपला होतो तो पेन्शनमुळे. सर्वोच्च न्यायालयाने 17 डिसेंबर 1982 ला नकारा खटल्यात निकाल दिला की पेन्शन ही मालकाची मेहेरबानी नसून आधी केलेल्या कामाचा मोबदला आहे. सरन्यायाधीश यशवंत चंद्रचूड यांच्या घटनापीठाचा तो निकाल, आणि पेन्शनर मंडळी अजून तो दिवस पाळतात. माझा हिशेब त्याला धरूनच आहे. ती तीन वर्षं दोन महिने, ते 240 दिवस, त्या रविवारच्या संध्याकाळी, यांच्या पोटी काहीतरी मागे राहिलं होतं आणि ते हप्त्याहप्त्याने परत येतंय. पण हे सगळ्यांना परत येत नाही. कारखान्यांतून, खासगी नोकऱ्यांतून निवृत्त झालेल्या ईपीएस-95 वाल्यांची किमान पेन्शन 2014 पासून महिना 1,000 रुपये आहे. एवढ्यात वेळ आपला होत नाही, फक्त वॉचमनची नोकरी शोधायची मोकळीक मिळते. शेतमजूर आणि घरकामवाल्या बायकांच्या निवृत्तीला तर गुडघे असं नाव आहे. राज्य सरकारात 1 नोव्हेंबर 2005 पासून, बँकांत 1 एप्रिल 2010 पासून लागलेल्यांना जुनी पेन्शन नाही. त्यांची पुंजी बाजाराच्या चढउतारावर वाढते किंवा अडते. मार्च 2023 मध्ये राज्यातले लाखो कर्मचारी जुन्या पेन्शनसाठी संपावर गेले तेव्हा, काम न करता पैसे मागतात, म्हणून त्यांना पुष्कळांनी नावं ठेवली. ते पैशांइतकंच शेवटच्या पंधरा-वीस वर्षांच्या वेळेची मालकी मागत होते, असं मला वाटतं, जरी घोषणेत ते आलं नाही. राज्याने पुढे सुधारित योजना आणली; तिच्यात काय मिळालं आणि काय राहिलं यावर संघटनांत अजून खल चालू असतो.

दर नोव्हेंबरात पेन्शनर हयातीचा दाखला द्यायला बँकेत येतात. आता तो मोबाइलवरूनही देता येतो, 2014 पासून जीवन प्रमाणची सोय आहे, तरी पुष्कळांना येऊनच जायचं असतं. काउंटरच्या या बाजूला उभे राहतात, एकमेकांच्या गुडघ्यांची चौकशी करतात, कोणाला घाई नसते. पलीकडे तिशीतली एक मुलगी अंगठ्याचा ठसा मशीनवर उमटत नाही म्हणून पुन:पुन्हा बोट पुसायला सांगत असते, एक डोळा घड्याळाकडे ठेवून, कारण तिची लोकल चुकेल. ती 2010 नंतर लागलेली आहे.